फाटकाजवळच्या विटा

पृथ्वी गोल आहे याबद्दल मनापासून वाईट वाटणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो माझा सख्खा साडू आहे. शाळेत आपण सगळेच ते वाक्य पाठ करतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. आमच्या साडूभाऊंनी ते मनाला लावून घेतलं. पृथ्वी सपाट करणं हाताबाहेरचं होतं म्हणून, नाहीतर एखादा रविवार बघून त्यांनी ती कधीच करायला घेतली असती. मग त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक प्लॉट घेतला, त्यावर बेताचं घर बांधलं आणि फाटकापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून मागच्या मोरीपर्यंत अंगणभर विटा बसवल्या. आजूबाजूला सगळ्यांनी शहाबादी फरशी घातली होती, काहींनी कोबा केला होता. भाऊंनी मात्र भाजलेल्या लाल विटा आणल्या आणि सिमेंटचा कणही न वापरता नुसत्या वाळूवर मांडल्या. "सिमेंटात वीट अडकते हो," ते मला म्हणाले, "वाळूवर ती बसते." खरी अडचण तिथेच होती. खाली नाशिकची काळी माती. ती पावसाळ्यात फुगायची, उन्हाळ्यात भेगाळायची, आणि भाऊंच्या विटा कुठे ना कुठे बसतच राहायच्या. भाऊंना आयुष्यभर पुरेल एवढं काम त्या मातीने विनामूल्य दिलं होतं.

सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमध्ये केसाएवढी चूक शोधायची आणि ती वस्तू परत पाठवायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की तीच नजर अंगणावरून फिरायची. चपला काढायच्या आधी ते फाटकाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, तुळशीकडे बघत. नव्या माणसाला वाटे, हे नमस्कार करताहेत. त्यांच्या कानांची तर मला भीतीच वाटे. आम्ही आत जेवायला बसलेलं असावं, आमटीची वाटी त्यांच्या ओठाला लागलेली असावी, आणि बाहेर दूधवाल्याच्या पायाखाली एखादी वीट 'टक्' करावी, की वाटी खाली. "तुळशीच्या डावीकडची," ते जाहीर करत, आणि हात न धुता उठत. मी एकदा मुद्दाम मागोमाग गेलो. तुळशीच्या डावीकडचीच होती. पायाने दाबली की ती एका कोपऱ्यावर डुगडुगत होती आणि भाऊंचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा झाला होता.

डुगडुगणारी ती वीट उचलायची, खालची माती धुम्मस मारून ठोकायची, चाळलेली वाळू पसरायची, दोरी ताणायची, वीट ठेवायची आणि रबरी हातोड्याने हळूच थोपटायची. ऐकायला किती सोपं! पण एक वीट बरोबर बसली की तिच्या शेजारची चुकलेली दिसू लागते. मग ती उचलायची. मग तिच्या शेजारची. सकाळी दाढीच्या आधी एका विटेपासून सुरू झालेलं काम संध्याकाळी दिवेलागणीला मोरीपाशी पोचलेलं मी पाहिलं आहे. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि भाऊंची बायको, शांतपणे म्हणायची, "यांनी पहिली वीट उचलली की मी भाजी झाकून ठेवते." पाहुण्यांना अंगणात चालण्याचेही नियम होते. पाय विटेच्या मध्यावर टाकायचा, टाच दाबायची नाही, सायकल उचलून आणायची. आमच्या एका जाड नातेवाइकांना तर ते भिंतीच्या कडेकडेने आणत आणि वर प्रेमाने सांगत, "इकडून सावली आहे."

हे सगळं त्यांच्या अंगणापुरतं राहिलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण भाऊ दुसऱ्याच्या घरी गेले की प्यायला दिलेल्या तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतून ते कुठे वाहतं ते बघत. यातूनच स्वातीची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीची, पहिली सोयरीक हातची गेली. सिन्नरचं स्थळ होतं, माणसं चांगली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या वडिलांनी हौसेने नवा ओटा दाखवायला बाहेर नेलं. भाऊंनी तांब्या उपडा केला. पाणी सरळ उंबऱ्याकडे निघालं. "तुमचा उतार घरात येतोय," भाऊ म्हणाले. "भिंतीला ओल धरणार. आणि ओलीच्या घरात माणसाला बरं नसतं." ते अगदी मनापासून, काळजीने बोलले. सिन्नरकरांकडून पुन्हा निरोप आला नाही. स्वातीला त्या स्थळाचं फारसं दुःख झालं नाही, पण बापाच्या तांब्याची धास्ती बसली.

कारण दुसरं स्थळ तिच्या मनातलं होतं. मुलगा सटाण्याचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. नाशकात कॉलेजला असताना दोघांची ओळख झाली होती. मुलाने मोठ्या मिनतवारीने वडिलांना मुलगी बघायला यायला राजी केलं होतं. वडील तालेवार, शब्दाचे पक्के, आणि शहरातल्या माणसांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. एका रविवारी दुपारी ते येणार असं ठरलं. आदल्या दिवशी स्वाती आमच्या घरी आली आणि माझ्यासमोर बसली. "काका," ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. उद्या तुम्ही फक्त बाबांजवळ बसा. त्यांना अंगणात जाऊ देऊ नका. हे मोडलं तर मी परत कुणापुढे बसणार नाही." नेहमी हसणारी पोर ती, आज तिचे डोळे भरले होते. मी शब्द दिला.

शब्द देताना माणसाला मोठं शूर वाटतं. रविवारी सकाळी लवकर जाऊन मी भाऊंची थापी तांदळाच्या डब्यात दडवली, हातोडा माळ्यावर टाकला आणि पेपर घेऊन त्यांच्यासमोर बसलो. भाऊ आरसा खिडकीला टेकवून दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण होता. तेवढ्यात शेजाऱ्यांकडे आलेला पाण्याचा टँकर वळायला जागा नाही म्हणून भाऊंच्या फाटकातून अर्धा आत आला आणि मागे गेला. बाहेर विटांचा जो आवाज झाला तो मलासुद्धा कळला. भाऊंचा वस्तरा गालावरच थांबला.

"नुसतं बघून येतो," ते म्हणाले.

मीही नुसतं बघायला गेलो. फाटकाच्या आत चांगली परातभर जागा खचली होती. "मुलाची आई इथे पाय मुरगाळून पडली तर?" भाऊंनी विचारलं, आणि खरं सांगतो, मला ते पटलं. थापी सापडेना म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून ताईचं उलथनं आणलं आणि पहिली वीट वर काढली. ताईने भाजी झाकून ठेवली. मी बजावलं, "एवढ्याच हं भाऊ, पुढे नाही." भाऊ म्हणाले, "छे छे, एवढ्याच. जरा ही दोरी धरता?" दोरी धरण्यात काय वाईट आहे, असं मला वाटलं. थोड्या वेळाने पाहतो तो फाटकापासून तुळशीपर्यंतचं अंगण उघडं पडलं होतं, विटांचे ढीग दोन्हीकडे रचले होते आणि मी गुडघ्यापर्यंत पायजमा सावरून दोरीचं एक टोक पकडून बसलो होतो. खिडकीत स्वाती उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

नेमकी तेव्हाच फाटकाशी जीप थांबली. ऊन व्हायच्या आत निघू म्हणून सटाण्याची मंडळी दुपारऐवजी सकाळीच आली होती. पुढे पांढरी टोपी घातलेले मुलाचे वडील, मागे आई आणि मुलगा. आमचे भाऊ बनियन-लुंगीवर, एका गालावर वाळलेला साबण, हातात उलथनं. होणाऱ्या व्याह्यांना उद्देशून त्यांनी काढलेले पहिले शब्द असे होते: "थांबा! पाय टाकू नका, लेव्हल बिघडेल."

व्याही थांबले. त्यांनी अंगण पाहिलं, उलथनं पाहिलं, मला पाहिलं. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"विटा बसल्या होत्या," भाऊ म्हणाले. सबब सांगणं, माफी मागणं, हसून नेणं, यातलं काहीच त्यांना सुचलं नाही.

व्याह्यांनी बाहेरूनच खाली वाकून मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडली. "खाले रेती? रेती वाही जास. कच टाका कच. आमनी कांदाचाळमा मी सोता टाकेल शे."

झालं! भाऊंच्या वाळूला नाव ठेवलेलं भाऊ देवाचंही ऐकून घेत नाहीत. "दगडाची कच विटेला टोचते," ते उठून उभे राहिले. "वाळूत ती अंग टाकते. तुमच्या चाळीत कांदे निजतात, इथे माणसं चालतात!" व्याह्यांनी टोपी मागे सरकवली आणि तेही फाटकाच्या आत, उघड्या मातीत उतरले. दोघांचे आवाज चढत गेले. पाणी कुठे मुरतं, माती कशाने फुगते, कुणाची वीट किती पावसाळे टिकली. मी दोरी धरून मध्ये उभा. मला वाटलं, संपलं, पोरीचं नशीब आज या खड्ड्यात गेलं. मुलाच्या आईने एकदा दोघांकडे पाहिलं, ताईने मातीवर टाकलेल्या फळीवरून तिचा हात धरून त्या पलीकडे आल्या आणि म्हणाल्या, "यास्ले ऱ्हाऊ द्या आठेच, ताई. चाला, आपन च्या लेऊत."

भांडण मिटलं नाही, पण त्याची वाटणी झाली. फाटकातून आत येताना डावी बाजू वाळूवर आणि उजवी बाजू कचीवर, असं ठरलं. शेजारच्या बांधकामावरून कच आणायला खुद्द नवरामुलगा घमेलं घेऊन गेला. नवऱ्यामुलाने मुलगी बघायच्या कार्यक्रमात डोक्यावर घमेलं घेतल्याचं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. दोन्ही बाप आपापल्या बाजूला गुडघ्यांवर बसून, एकमेकांच्या विटांकडे संशयाने बघत, हातोड्याची वाट बघत होते, आणि तो माळ्यावरून काढून देण्याची नामुष्की माझ्यावर आली. मुलीला प्रश्न विचारायचं कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काम संपलं. व्याह्यांनी हात झटकले, अंगणाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "आते पावसाया व्हऊ द्या. कोनी बाजू बसस ते बघाले माले येनंच पडी."

"या की," भाऊ तावातावाने म्हणाले. "आता तुमचं येणंजाणं राहणारच!"

बोलून झाल्यावर दोघांनाही कळलं की आपण काय बोललो. व्याही हसायला लागले. बायकोला हाक मारून म्हणाले, "आयकं का, बाप येडा शे, पन हातले माटी शे. गूळ काढ." खिडकीतली पोर तोंडात पदर कोंबून हसत होती आणि रडत होती.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. कार्यालयातून मुलगी आधी घरी आली, देवाला नमस्कार करून इथूनच सटाण्याला निघाली. भांडी, पेट्या, रुखवत भरायला जीप उलटी फाटकात घेतली आणि निघताना भाराने तिचं मागचं चाक नेमकं वाळू आणि कच यांच्या सीमेवर विटांत रुतलं. डावीकडची एक वीट बसली, उजवीकडची एक बसली, अगदी सारखी. बायका रडत होत्या, पण आम्ही पुरुषमंडळी भाऊंकडे बघत होतो. त्यांनी तो आवाज ऐकला होता. ते पुढे झाले, फाटक नीट उघडून धरलं आणि जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत तसेच धरून उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, उद्या येतो दोरी धरायला." ते म्हणाले, "बघू. दिवाळीनंतर."

पावसाळा सरल्यावर व्याही बोलल्याप्रमाणे आले, उकिडवे बसले, आणि जीपच्या चाकामुळे निकाल लागत नाही असं दोघांनी मान्य केलं. पुढच्या वर्षी पुन्हा आले. येताना कांद्याचं पोतं, जाताना चिवडा, आणि मध्ये दिवसभर तोच वाद. एवढ्या वर्षांत दोघेही म्हातारे झाले, पण दोघांपैकी एकानेही हार मानली नाही. बाकीचं अंगण भाऊ दरवर्षी काढतात आणि बसवतात. फाटकाजवळच्या त्या दोन विटा तेवढ्या तशाच आहेत. मला वाटायचं, खटल्यातला पुरावा म्हणून ठेवल्या असतील.

मग एका दिवाळीला मी त्यांच्याकडे बसलो होतो. टीव्ही मोठ्याने चालू होता, ताई आत चकल्या तळत होती. मला काहीच ऐकू आलं नाही, पण भाऊ एकदम उठले. "आली," ते म्हणाले, आणि उजवी चप्पल डाव्या पायात घालून बाहेर धावले. मी गेलो तोवर स्वाती गाडीतून उतरलीही नव्हती. गाडीचं चाक त्या दोन विटांवर थांबलं होतं. "बाबा, या अजून तशाच?" ती रागावली. "पडेल ना कुणीतरी!" भाऊ म्हणाले, "करतो, करतो. याच आठवड्यात करतो." ज्या आवाजाने हा माणूस आयुष्यभर भरल्या ताटावरून उठत आला, तो 'टक्' त्याने वर्षभर कान देऊन ऐकण्यासाठी जपून ठेवला होता. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि त्यांचा हेवाही वाटला.

आता भाऊंचे गुडघे वाकत नाहीत. दिवाळीआधी मी जातो, खाली बसून विटा लावतो, आणि ते खुर्चीत बसून दोरी धरतात आणि मला नावं ठेवतात. यंदाही मोरीपासून सुरुवात करून तुळस ओलांडून आम्ही फाटकापर्यंत आलो. शेवटचा पट्टा राहिला होता. मी थापी घेऊन पुढे सरकलो, तर भाऊंनी दोरी सोडवून बोटांभोवती गुंडाळायला घेतली होती.

"इथपर्यंतच," ते म्हणाले. "पुढचं राहू द्या. शुक्रवारी ती येणारे."