दुसरा पाट

उदगीरचे रेवणसिद्धअप्पा भांड्यांचं दुकान चालवत. रोज सकाळी अंघोळ झाली की ते आणि त्यांची बायको नीलम्मा समोरासमोर पाटांवर बसत. कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत. त्याआधी अप्पांनी चहा मागितला की नीलम्मा डोळे वटारायच्या.

"लिंग उपाशी, अन् तुम्ही चहा पिता व्हय? गिऱ्हाइकं काय पळून चाललीत?"

अप्पा हसून मुकाट्यानं पाटावर बसत.

नीलम्मा गेल्या आणि अप्पांनी अंथरूणच धरलं. अंघोळ नाही, पूजा नाही, ताटातली भाकरी तशीच. असंच चाललं तर अप्पाही हातचे जातील, या धास्तीनं सून वर्षाराणीची झोप उडाली.

एका सकाळी तिनं चहा आणला. अप्पांनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"अंघोळ न्हाई झाली माझी," ते पुटपुटले.

अंघोळ करून आले, भिंतीला टेकलेले पाट त्यांनी मांडले. जुन्या सवयीनं दोन्ही मांडले गेले. दुसऱ्या पाटाकडे बघत ते नुसतेच उभे राहिले.

वर्षाराणी हात पुसत आली आणि त्या पाटावर बसली. गळ्यातलं लिंग तिनं तळहातावर घेतलं.

"बसा की, अप्पा."

अप्पा बसले. पूजा झाल्यावर बराच वेळ त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मग म्हणाले, "आता दे चहा."

"गार झाला. दुसरा टाकते."

"टाक. अन् रातची भाकरी हाय का गं?"