समुद्रात न मावळणारा सूर्य

सुलभाताई पाटणकर यांची आणि माझी पहिली भेट २०१५च्या हिवाळ्यात, आयर्लंडमध्ये ॲथलोनला, त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये झाली. निमित्त भट्टीचे होते. त्यांचे चिरंजीव निखिलदादा यांनी एका शाळेने काढून टाकलेली विजेची भट्टी आईसाठी आणली होती आणि ती हव्या त्या तापमानाला पोहोचत नव्हती. मी मटेरियल्समधले पदव्युत्तर शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागले होते. प्रयोगशाळेतल्या भट्ट्यांशी माझा रोजचा संबंध, म्हणून मला बोलावणे आले.

सुलभाताईंनी माझे गाव, आडनाव, आईवडील काय करतात, यांपैकी काहीही विचारले नाही.

"नखं बघू," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले.

"ठीक आहेत. अंगठी काढून ठेव आणि मग आत ये."

कारण शेडमध्ये मांडलेल्या टाइल्स पाहिल्यावर कळले. ग्लेझ, म्हणजे काचेची झिलई, भाजण्यापूर्वी पिठासारखी असते. नख किंवा अंगठी लागली की ओरखडा उठतो आणि तो भाजल्यावर कायमचा राहतो. भट्टीतली एक तार तुटली होती, ती मी बदलून दिली. त्या दिवसापासून मी अंगठी वापरणे सोडले. मी त्यांना काकू म्हणते. हा लेख आपल्या मराठी मंडळातल्या सर्वांसाठी असल्याने येथे सुलभाताई म्हणते आहे.

सुलभाताई मूळच्या गुहागरच्या. ठाण्याजवळच्या एका टाइल्सच्या कारखान्यात त्या नक्षी विभागात कामाला लागल्या आणि विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. पतीच्या निधनानंतर २०१४ साली त्या मुलाकडे आयर्लंडला आल्या. इथे आलेले बहुतेक आईवडील व्हिसाची मुदत, थंडी आणि नातवंडांची शाळा यांच्या हिशेबाने राहतात. सुलभाताईंनी आल्याआल्या मातीची चौकशी केली. कुठल्या दुकानात कोणती माती मिळते, ती भाजल्यावर किती आकसते, हे त्यांना इथल्या बसचे मार्ग कळण्याआधी माहीत झाले होते.

त्यांचे काम उंचावलेल्या रेघेचे आहे. पातळ केलेली माती कोनात भरून त्या टाइलवर रेघ ओढतात, आणि दोन रेघांच्या मधल्या जागेत ग्लेझ भरतात. कोन मेंदीचाच असतो. प्लास्टिकचा कागद गुंडाळून त्या तो स्वतः करतात. आपल्या मंडळातल्या कितीतरी मुलींच्या हातांवर त्यांनी त्याच हाताने मेंदी काढली आहे. टाइलवरची त्यांची रेघ बोटाने चाचपली तर कुठेही जाड किंवा बारीक लागत नाही. मी मोजमापाच्या व्यवसायात आहे आणि हे विधान जबाबदारीने करते.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. नागपूरला माझ्या वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन चालू होते आणि मला जाता आले नव्हते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. सुलभाताईंना कसे समजले, ते मी आजवर विचारलेले नाही. त्यांनी धीराचे शब्द बोलण्याऐवजी मातीचा मोठा गोळा माझ्यापुढे ठेवला. "यातली हवा काढायची आहे. मळत राहा." मी फोन येईपर्यंत मळत राहिले. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आल्यावर त्यांनी गोळा हातात घेऊन पाहिला. "आता माती तयार झाली," असे म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

मात्र सुलभाताईंविषयी लिहायचे तर सिमोन यांच्या भिंतीविषयी लिहिलेच पाहिजे.

सिमोन या त्यांच्या शेजारीण. वयाने त्यांच्यापेक्षा थोड्या मोठ्या. दक्षिण फ्रान्समधल्या नीस या शहरात जन्मलेल्या, आयरिश माणसाशी लग्न करून ॲथलोनला आलेल्या आणि आता एकट्या. दोघींची मैत्री कुंपणावरून झाली, लिंबाच्या लोणच्यावरून. सुलभाताईंचे इंग्रजी बेताचे आणि सिमोन यांचे फ्रेंच वळणाचे, त्यामुळे दोघी एकमेकींशी फार सावकाश आणि फार स्पष्ट बोलत. सिमोन त्यांना 'सू' म्हणतात.

२०१६ साली सिमोन यांची दृष्टी जाऊ लागली. जवळच्या मलिंगार गावच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले, की नजरेच्या मधला भाग आधी जाईल, कडेचे काही दिवस दिसेल, रंगही हळूहळू जातील. प्रवास त्यांना आधीच झेपत नव्हता. कुंपणापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "सू, मला माझं शहर आता दिसणार नाही."

सुलभाताईंनी त्या आठवड्यात माती मागवली. नीस त्यांनी टाइल्सवर काढायचे ठरवले होते. रंग दिसत आहेत तोवर सिमोन यांना ते पाहता यावे, आणि नंतर उंच रेघांवरून बोट फिरवून वाचता यावे.

निखिलदादांनी सुचवले, की डब्लिनहून नीसला विमान जाते, चार दिवस जाऊन पाहून या. सुलभाताई नको म्हणाल्या. "तिचं शहर तिच्या आठवणीतून काढायचं. माझे डोळे मधे कशाला?" मग रोज दुपारी सिमोन सांगत आणि सुलभाताई कागदावर काढत. पिवळ्या मातकट भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, फुलांचा बाजार, वाळू नसलेला गोट्यांचा किनारा, वाकत गेलेला उपसागर, आणि जुन्या वस्तीतली एक अरुंद गल्ली, जिच्या टोकाला सिमोन यांचे माहेर होते.

हे काम बागेच्या भिंतीवर लावायचे त्यांच्या मनात होते. मी विरोध केला. या टाइल्स पाणी शोषतात, ते पाणी थंडीत गोठते आणि ग्लेझ उडतो. सुलभाताईंनी वाद घातला नाही. "तुझं खरं असेल. पण टाइललाही विचारू या." त्यांनी एक टाइल पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये ठेवली, काढली, पुन्हा भिजवून ठेवली. काही दिवसांनी मटारच्या पिशवीशेजारी ग्लेझचे कपचे पडलेले सापडले. "आत लावू," त्या म्हणाल्या. जागा ठरली ती सिमोन यांच्या सनरूमची, म्हणजे उन्हासाठी बांधलेल्या खोलीची.

सगळ्या टाइल्स भाजून झाल्यावर आम्ही त्या पाटणकरांच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर जुळवल्या. मी उपसागराचे वळण नकाशाशी ताडून पाहत होते. वळण बरोबर होते. समुद्रात अर्धा बुडालेला केशरी सूर्यही फार सुंदर उतरला होता.

"काकू, सिमोननी सूर्य इथे सांगितला होता?"

"मावळता सूर्य हवा म्हणाली. मावळताना तो आणखी कुठे असणार? समुद्रातच."

मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. नीसचा समुद्र दक्षिणेला आहे. पश्चिमेला जमीन आहे आणि डोंगर. तिथे सूर्य डोंगरामागे जातो.

गुहागरला वाढलेल्या माणसाच्या मनात समुद्र आणि पश्चिम या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. सुलभाताईंनी सिमोन यांना शेकडो गोष्टी विचारल्या होत्या, पण ही विचारण्यासारखी गोष्ट आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

निखिलदादा म्हणाले, "आई, राहू दे गं. कोणाला कळणार आहे? सिमोनना तर आता नीट दिसतही नाही."

"म्हणूनच," सुलभाताई म्हणाल्या. "ज्याला दिसतं तो माणूस चूक मनात दुरुस्त करून बघतो. तिला बोटाला जे लागेल, तेच तिचं शहर."

पण नवे आकाश आणि नवा समुद्र करायचा म्हणजे माती वाळणे, दोनदा भाजणे, यात आठवडे जाणार होते. तेवढ्यात सिमोन यांचे रंग गेले तर? चूक ठेवली तर शहर खोटे. दुरुस्त केली तर कदाचित ते त्यांना दिसणारच नाही. सुलभाताईंनी हा निर्णय एकट्याने घेतला नाही. सूर्याची टाइल त्यांनी पदराखाली धरली, कारण बाहेर पाऊस होता, आणि त्या शेजारी गेल्या. मी बरोबर होते.

टाइल सिमोन यांच्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "मिस्टेक. माय व्हिलेज सन. नॉट युअर सन."

सिमोन यांनी अर्ध्या वर्तुळावरून बोट फिरवले, मग खालच्या लाटांवरून. त्या हसल्या. "लहानपणी मी आईशी भांडायचे. डोंगर आमचा सूर्य लवकर नेतो म्हणून. सू, तू तो मला थोडा जास्त वेळ दिलास." मग टाइल परत देत त्या शांतपणे म्हणाल्या, "पण ही माझी खिडकी नाही."

"लाँग टाइम विल गो," सुलभाताई म्हणाल्या. "युअर आइज..."

"थांबेन मी. माझे डोळे थांबतील की नाही, ते त्यांना विचार."

पुढचे आठवडे सुलभाताई शेडमध्येच असत. बोटे थंडीने आखडत, म्हणून कोन धरण्यापूर्वी त्या हात गरम पाण्यात बुडवून बसत. शेवटच्या वेळी भट्टी बंद केल्यावर मी पाहिले, की त्या दारावर तळहात ठेवून उभ्या आहेत. भट्टी गरम असताना उघडली तर ग्लेझ तडकतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. "घाई मला झाली आहे," त्या म्हणाल्या, "भट्टीला नाही," आणि खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसल्या. ती पूर्ण निवेपर्यंत त्यांनी दाराला पुन्हा हात लावला नाही.

२०१७च्या वसंतात सनरूमच्या भिंतीवर टाइल्स लागल्या. सिमोन समोर न पाहता मान वळवून उभ्या राहिल्या. कडेच्या नजरेत जे उरले होते, त्यातून त्या पाहत होत्या. "पिवळा," त्या म्हणाल्या. "आमचाच पिवळा." मग जवळ येऊन त्यांनी भिंतीवर बोट टेकवले. किनाऱ्यावरून बाजारात, बाजारातून गल्लीत, आणि गल्लीच्या टोकाच्या दारापाशी ते थांबले. मग त्या म्हणाल्या, "इट्स ग्रँड, सू." सुलभाताईंनी होकारार्थी मान हलवली आणि टाइल्सच्या सांध्यातली उरलेली पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसायला घेतली.

आज सिमोन यांना रंग दिसत नाहीत. रोज सकाळी त्या बोटाने आपल्या गल्लीत जाऊन येतात. समुद्रात बुडणारा तो सूर्य सुलभाताईंच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या मागच्या भिंतीवर आहे. फोडणी उडते, त्या पुसतात.

मला सुलभाताईंकडून काय मिळाले, हे मोजून सांगता येणार नाही, आणि जे मोजता येत नाही त्याविषयी मी सहसा लिहीत नाही. एवढे लिहिते, की अचूकपणा हा माझा पेशा होता. तो कोणासाठी असतो, हे मी त्यांच्या शेडमध्ये पाहिले.

यंदा, २०१९ साली, सुलभाताईंनी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्यानिमित्त सिमोन यांनी त्यांच्याकडे भेट मागितली आहे, द्यायची सोडून. त्यांना गुहागर हवे आहे. जे गाव त्यांनी कधी पाहिले नाही आणि आता पाहू शकणार नाहीत, ते त्यांना बोटाने पाहायचे आहे. सनरूमची समोरची भिंत त्यांनी रिकामी करून ठेवली आहे.

"दोन वर्षं तरी लागतील," सुलभाताई म्हणाल्या.

"मग दोन वर्षं तुला कुठे जाता येणार नाही," सिमोन म्हणाल्या. "आणि मलाही."

सुलभाताईंच्या हातांना ऊब मिळो, त्यांची भट्टी नीट तापो आणि नीट निवो, आणि ती दोन वर्षे संपताच दोघींपैकी कोणीतरी तिसऱ्या भिंतीचा विषय काढो, अशी मी आपणा सर्वांच्या वतीने मनापासून इच्छा करते. माती मागवली आहे. या वेळी सूर्य कुठे मावळतो, ते कोणाला विचारावे लागणार नाही.