सवतीचा दगड

भुतंखेतं, भानामती, अंगात येणं... मी कशालाच कधी भीक घातली नाही. माझ्या वडिलांनी देवऋष्याला घराची पायरी चढू दिली नव्हती. पण हे माझ्याच बाबतीत घडलं, तेही भर दुपारी — म्हणून लिहिते आहे.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी जालन्यात दुसरेपणावर आले. पहिली, गोदा, तापानं गेलेली. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग मी नेसायचं. म्हणजे सगळं तिचं उष्टं! जळायचे मी... हो, जळायचेच. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, म्हणून जास्तच.

आमचे हे सरकी काढायच्या एका जिनसाठी खेडोपाडी कापूस बघत फिरायचे. मालकानं शेजारी डबा जोडलेली तीनचाकी फटफटी दिली होती. तिला स्टँडची गरज नाही, म्हणून हे कुठंही उभी करायचे. ब्रेक पायातला, पाय काढला की सुटणारा. आणि किक मारायचा आळस, म्हणून इंजिन चालूच ठेवायचं, गिअर काढून. मग चाकाला दगड लावायचा तो डब्यात बसणाऱ्या गोदानं. तिनं निवडलेला काळा दगड अजून डब्यातच असायचा, माझ्या पायाशी.

"तेवढा दगड लाव ना. गोदा तर गाडी थांबायच्या आत उतरायची."

"मंग तिलाच बोलवा की!"

मी कधीच लावला नाही. तोंड वाकडं करून हेच लावायचे.

त्या दिवशी आम्ही राजूरहून भोकरदनकडे निघालो होतो. मांडीवर तान्हा लेक. उतारावर यांना शेतात कापूस वेचणारे दिसले. "जल्दी आलो," म्हणत गाडी सोडून गेले, आणि दगड विसरले. गाडी हळूच सरकायला लागली. खाली बिनकठड्याची विहीर! ब्रेक पलीकडच्या अंगाला, माझा हात पोचेना. ओरडले, पण इंजिनच्या आवाजात कोण ऐकतंय? लेकराला छातीशी आवळून मी डोळे मिटले.

धक्का बसला. गाडी थांबली.

वाकून पाहिलं — डब्याच्या चाकापुढं काळा दगड. माझ्या पायाशी काहीच नव्हतं.

हे धावत आले. "दगड लावला व्हय तू? बराबर केलंस."

"मी न्हाई लावला. मी तर उतरलेच न्हाई."

यांचा चेहराच उतरला.

दगड उडून पडला म्हणावं, तर डब्याची कड माझ्या कमरेच्या वर. वेचणारे लांब शेतात, गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं. खूप डोकं खाजवलं, पण उलगडा आजवर झालेला नाही. माझं लेकरू वाचलं, त्याचे उपकार मानतेच.

पण यांनी आधी त्या दगडावर हात ठेवला, कितीतरी वेळ. मग लेकराच्या डोक्यावर. तुला कुठं लागलं का, हे मला त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.