निरोप धरून ठेवणारी प्रथिनं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जासईच्या रस्त्यावर एका ट्रेलरनं माझ्या नवऱ्याच्या स्कूटरला उडवलं. तो जागीच गेला. मी रडले नाही. विचुंब्याला सासरच्या घरी बायका गळ्यात पडून आक्रोश करायच्या, मग माझा चेहरा निरखायच्या आणि मला कोरडीच पाहून हिरमुसायच्या. "रडली नाय तं डोक्यावर परिनाम हुईल," एकीनं सासूबाईंना माझ्यादेखत बजावलं. मला रागही आला नाही. नुसतं ऐकू आलं.

तेरावं झाल्यावर मी मुंबईतल्या प्रयोगशाळेत परत जायला लागले. लोकांनी तोंडात बोटं घातली. घालू देत. बशीत वाढवलेल्या पेशींना वेळेवर खाऊ घालावं लागतं, एवढंच मला कळत होतं.

सासूबाईंनी मात्र धास्ती घेतली. पोरगा गेला, आता सूनही हातची जाते की काय. एका संध्याकाळी मला ताट वाढून त्या समोर बसल्या.

"तिकडं काय करतंस गो रोज?"

"पेशींना ताप आणते," मी म्हटलं. "ताप चढला की पेशी रोजची कामं थांबवते. त्या कामांचे निरोप आरएनए नावाच्या धाग्यांवर असतात. ते ती फेकत नाही. काही प्रथिनं निरोपांना चिकटतात आणि बाजूला धरून ठेवतात. जीव वाचवायचे निरोप तेवढे पुढे जातात."

"तुजा पन तसाच झालाय," त्या म्हणाल्या. "माज्या पोराला निरोप दिलास नाय अजून."

आई, तो निरोप वेगळा, हा सांगाव्याचा, असं मी म्हणणार होते. पण चूक सुधारायचं त्राण नव्हतं, आणि ती चूकच होती का, तेही ठाऊक नव्हतं.

"मंग तो सुटतो कदी?"

"ताप उतरला की."

"आन नाय उतरला तं?"

मी सवयीनं खरं तेच सांगितलं. "मग पेशी मरते."

त्यांनी माझा उजवा हात गच्च धरला. "तू नको मरूस गो बाय," म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. माझे डोळे तेव्हाही कोरडेच होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी भात कालवला आणि खाल्ला, डाव्या हातानं. डाव्या हातानं जेवलेलं त्यांना कधी खपायचं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी माझा उजवा हात सोडला नाही.