सहाशेच्या पुढचं

कारखान्यात सगळे तिला शंकाकाकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू. कपडे पिळण्याची मोठी यंत्रं तिथे बनत आणि काकू वीस वर्षं आलेख काढत होती. इंजिनिअर सूत्र देत, काकू संगणकावर आकडे मोजून रेघ उमटवी. रेघ कितीही सुबक असो, काकूचं बोट आधी तिच्या उजव्या टोकावर जाई. "इथेच का थांबवलीत? पुढे काय दडवलंय?" चहावाल्याने हसून चहा दिला तरी आज हा खूश का, याचा ती विचार करत बसे.

एकदा जेवताना लेक म्हणाली, "आई, तुमचं नवं मशीन पिळायला लागलं की अख्खी फरशी हादरते गं. काल तर जागचं वीतभर सरकलं."

लेक इस्पितळाच्या धुलाईघरात त्याच यंत्रापाशी दिवसभर उभी असे. काकूने ताट बाजूला सारलं.

सकाळी तिने त्या यंत्राची फाइल काढली. हादऱ्याचा आलेख नव्या इंजिनिअरने स्वतःच काढला होता, काकूला न विचारता. इथेच तिचं डोकं फिरलं. आडव्या रेषेवर मिनिटाचे फेरे, शून्य ते सहाशे; रेघ अगदी गरीब गाय. 'सातशे का नाही? बाराशे का नाही?' पाणी मुरतंय कुठेतरी, हे तिने ठरवूनच टाकलं.

रागाच्या भरात तिने थेट दहा हजारांपर्यंत आलेख मांडला. सगळं सपाट, सुरुवातीला एक पुटकुळी. शेजारचा कारकून हसला. काकू ओशाळली, पण क्षणभरच. संगणक कुठल्याही पट्ट्यात चाळीसच ठिपके मांडायचा. पट्टा एवढा लांब धरला तर दोन ठिपक्यांमध्ये अडीचशे फेऱ्यांची फट राहणार, तिथे हत्ती लपला तरी कळायचं नाही! तिने पट्टा आवळला: सहाशे ते हजार. आता ठिपके दहा-दहा फेऱ्यांवर पडले आणि नऊशेच्या जवळ रेघ भिंतीसारखी उभी राहिली.

कागद घेऊन ती इंजिनिअरच्या टेबलापाशी गेली. "हे लपवलंत ना? माझी पोर उभी असते तिथे!"

त्याने कागद पाहिला. "काकू, लपवायचं काय त्यात? यंत्र सहाशेवरच चालवायचं. त्यापुढे मनाई आहे, पुस्तिकेत लिहिलंय."

"मग बटण कुठवर फिरतं?"

"साडेनऊशे." बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. "कोणी फिरवतंय का तिथवर?" काकूने हादरणाऱ्या फरशीचं सांगितलं. "ताबडतोब थांबवा. ड्रम निसटेल, काकू. मी आत्ताच इस्पितळाला कळवतो."

काकू रिक्षा करून धुलाईघरात पोचली. वाटेत तिने संशयितांची यादीही केली: मुकादम, रात्रपाळीवाला, यंत्र दुरुस्त करणारा तोंडाळ माणूस. दारातच फरशीचा थरकाप तळपायांना जाणवला; इंजिनिअरचा निरोप अजून आत पोचला नव्हता. लेक यंत्रापाशी उभी होती आणि बटणावर हात तिचाच होता.

काकूने धावत जाऊन बटण मागे फिरवलं. धडधड ओसरली. "कोणी सांगितलं तुला एवढं फिरवायला? मुकादमाने ना?"

"कोणी नाही. मीच फिरवते," लेक गोंधळून म्हणाली. "कपडे लवकर सुकतात, पाच वाजता सुटता येतं. सहाशेवर ठेवलं तर सहा होतात."

"एक तासासाठी जीव घालवशील?"

 लेकीचा आवाज चढला. "सहाला सुटून घरी आले की तू दारात उभी असतेस, आई. कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, फोन दाखव. रोज कोण उत्तरं देणार?"

काकूला रडू आवरेना.  लेकीने यंत्र बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं आणि आईला पाणी दिलं.

"उद्यापासून सहाला निघ," काकू म्हणाली. "सातला आलीस तरी चालेल."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. आई खरं बोलते आहे का, हे ती तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिली.