हिरव्या जाकिटातला माणूस

२०२४ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा. समुद्रात पवनचक्क्या बसवायच्या म्हणून वारा मोजणाऱ्या बोटी आमच्या तारापूरकडच्या धक्क्याला लागू लागल्या. त्या धक्क्याला उभ्या असताना इंजिन बंद ठेवून किनाऱ्यावरची वीज घेत, म्हणून सगळ्यांनाच धक्क्यावर धूर करायला बंदी आली. वैताग आमच्या डिझेलवाल्यांना.

आमच्यावर नजर ठेवायला हिरव्या जाकिटातला एक माणूस नेमला होता. नाव मी कधी विचारलं नाही. माझी होडी आली की तो पुढं वाकून दोरी झेलायचा, खुंट्याला फेरे मारायचा आणि म्हणायचा, "काका, इंजिन बंद."

"तुझ्या बापाआधी मी वाऱ्यावर होडी चालवलीय. मला नको शिकवू."

"मग शीडच लावा ना."

मेल्याला राग म्हणून येत नसे. मासळी उतरेपर्यंत माझं इंजिन मुद्दाम धडधडत राही.

एक दिवस तो म्हणाला, "उद्यापासून चालू इंजिनाची होडी धक्क्याला उभी राहू द्यायची नाय, असा हुकूम हाय." मग हळूच म्हणाला, "परत चालू करायला तुमच्यानं हँडल फिरत नाय ना आता? मी फिरवतो. कोणाला सांगणार नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खांदा गेल्याचं मी घरातसुद्धा बोललो नव्हतो. पण मी फेकलेली दोरी आखूड पडते, हे रोज तोच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याला लागताच मी इंजिन बंद केलं, हँडल त्याच्यापुढं ठेवलं आणि समुद्राकडं तोंड करून विडी पेटवली.