शनिवारचे हरभरे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा एवढं वगळूनच बोलत आले — जसं काही त्याला माहीतच नसणार. आता नवरा राहिला नाही, माझी सत्तरी उलटली, आणि गेल्या महिन्यात असं काही घडलं की गप्प बसणं मला जमेना. चौथी शिकलेली बाई आहे, सरळ लिहीन. असल्या गोष्टी सरळ लिहिता येतात का? बघू.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा एका खात्यात क्लार्क होता. कॉलनीत एक माकड होतं. माकडं दिल्लीत कुठं नाहीत — पण हे वेगळं. छातीला रुंद, डावा कान अर्धा तुटलेला. लोक त्याला डायरेक्टरसाहेब म्हणायचे, कारण ते हवं तेव्हा यायचं, हव्या त्या घरात शिरायचं आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं. मागच्या दाराची कडी काढायचं. फ्रीजमधून पाहिजे ते घेऊन फ्रीज परत लावायचं, असं लोक सांगत. तीनदा माणसं पिंजरे घेऊन आली, तीनदा रिकामे पिंजरे घेऊन गेली. कुणी म्हणे, ते चाळीस वर्षं इथंच आहे. समोरच्या गुप्तांची आई त्याला वाकून नमस्कार करायची. मी कधी केला नाही. माकड ते माकड. हे आधीच सांगते, नाही तर पुढं जे केलं ते भक्तीनं केलं असं वाटेल.

भक्तीनं नाही. भीतीनं.

नवरा पुढच्या वर्षी रिटायर होणार होता. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. मुलाला सरकारी नोकरी लागली तर ते त्याच्या नावावर होऊ शकतं, नाही तर सामान बांधायचं — आणि जायचं कुठं? गावचं घर दिरांनी आपसांत वाटून घेतलेलं. सुनीलनं, माझ्या मुलानं, परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता. मी मारुतीला नवस बोलले. एकवीस शनिवार उपास, आणि भिजवलेल्या हरभऱ्यांचा आणि गुळाचा नैवेद्य. पहिल्या शनिवारी सकाळी मागच्या बाल्कनीत ताटली ठेवली, निरांजन आणायला आत गेले, परत येते तर डायरेक्टरसाहेब कठड्यावर बसून खातायत. वाटलं, बरं झालं, पोचलं. मग दर शनिवारी तिथंच ठेवायला लागले. तिकडचे लोक हनुमानाचा मंगळवार धरतात. शनिवार आपला. त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता हरिराम. त्याच्यापाशी यायचं म्हणूनच मी इतका वेळ माकडाचं सांगत बसले.

हरिराम अलवरकडचा. त्याच्या बापानं लंगूर पाळला होता. काळ्या तोंडाचं वानर ते, त्याला बघून लाल तोंडाची माकडं पळतात. पुढं लंगूर ठेवायला बंदी आली, तर हरिराम स्वतःच लंगुराचा आवाज काढायला लागला. तोंडाशी हात धरून असा हुप्प करायचा की माकडं चार गच्च्या पलीकडं जायची. एक डायरेक्टरसाहेब सोडून. ते नुसतं मान वळवून बघायचं. ठेकेदारानं हरिरामला आमच्या कॉलनीत कामाला ठेवला होता आणि पाण्याच्या पंपाशेजारची खोली राहायला दिली होती. तिथं तो आणि त्याची बायको संतोष — तिकडं हे बाईचं नाव असतं. थंडीच्या दिवसांत संतोष दुपारी यायची आणि उन्हात बसवून माझे गुडघे चोळून द्यायची. मी सांगितलं नव्हतं. आपणहून यायची, अम्मा म्हणायची.

माझे सोळा शनिवार झाले होते तेव्हा त्या माकडानं जिन्यात मेहताबाईंवर झडप घातली. बाई पडल्या, मनगट मोडलं. मेहतासाहेब कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी ठेकेदाराला बोलावला, आणि ठेकेदारानं हरिरामला सांगितलं — महिन्याभरात हे एक माकड पिंजऱ्यात दिसलं पाहिजे, नाही तर खोली रिकामी कर.

हरिराम दारोदार फिरला. हात जोडून म्हणाला, महिनाभर बाहेर काही टाकू नका, गाईची पोळीसुद्धा नको. भूक लागल्याशिवाय हे आत यायचं नाही. सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणाले. आठवडाभर तो केळी रोज थोडी थोडी पिंजरा ठेवायच्या जागेजवळ सरकवायचा. शुक्रवारी काहीच नाही, नुसता उपास. शनिवारी लोक घरी असायचे, दारं-खिडक्या लावून घेता यायच्या, म्हणून पिंजऱ्याची गाडी शनिवारी नऊला यायची.

मी ताटली सातला ठेवायची.

संध्याकाळी ठेवता आली नसती का? तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होते. पण सुचलं होतं. पहिल्यापासून सकाळी ठेवली होती. वेळ बदलली तर निकालाचं काही बिनसेल, असं वाटायचं. म्हणून सातलाच ठेवली.

पहिल्या शनिवारी डायरेक्टरसाहेब आले, पिंजऱ्याच्या टपावर बसले, अंग खाजवलं आणि गेले. बाल्कन्यांतून लोक हसले. दुसऱ्या शनिवारी तेच. हरिरामनं पाहिलं की माकडाचे गाल फुगलेत — माकडं खाणं गालात भरून ठेवतात — आणि ते आमच्या ब्लॉकच्या मागून येतं. त्या संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. जाब विचारायला आला नव्हता. मला म्हणाला, अम्मा, तुम्ही दिवसभर बाल्कनीत असता, कोण खायला घालतं त्यावर जरा नजर ठेवा.

मी म्हणाले, ठेवीन.

तिसरा शनिवार गेला. चौथ्या शनिवारी माकड पिंजऱ्याकडं फिरकलंच नाही. माझा तो विसावा शनिवार. पंपापाशी मेहतासाहेब, ठेकेदार आणि आठ-दहा माणसं जमली. मीही खाली उतरले. हरिराम म्हणाला, ह्या ब्लॉकमधून कुणीतरी खायला घालतंय. लोक चिडले. गुप्ता म्हणाले, आता आमच्यावरच आळ घेणार का? तेवढ्यात मेहतासाहेब माझ्याकडं वळले.

"माताजी, आप तो सारा दिन ऊपर बैठती हैं. किसी को देखा?"

गप्प राहता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं — तेही खोटंच, पण निदान तेवढंच खोटं. मी काय केलं? एकच शनिवार राहिला होता, आणि हरिराम माझ्याकडं बघत होता, कारण त्याला वाटत होतं की मी त्याच्या बाजूनं काही सांगणार.

"देखा है," मी म्हणाले. "यही खिलाता है. सुबह-सुबह, पंप के पीछे."

लगेच मागून कुणीतरी म्हणालं की बरोबर आहे, माकड पकडलं गेलं तर ह्याला कोण ठेवणार? ते वाक्य माझं नाही. पण ते कुणाला तरी सुचावं, एवढी सोय मी करून दिली होती. माझं काळीज धडधडत होतं का? नाही. मला हलकं वाटलं. हे मुद्दाम लिहिते.

संतोष हरिरामच्या मागं उभी होती. ती पुढं आली आणि मला म्हणाली, "अम्मा, शनिवार को तो आपका व्रत रहता है ना?"

मेहतासाहेब म्हणाले, त्याचा इथं काय संबंध? तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शनिवारी मी चहाला नको म्हणते, हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी माझ्या ओट्यावर भिजत घातलेले हरभरे तिनं कितीदा पाहिले होते.

"नहीं तो," मी म्हणाले. "मैं कोई व्रत नहीं रखती."

हरभऱ्यांचं ती सगळ्यांदेखत बोलू शकली असती. बोलली नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही. हरिरामनं तिच्या दंडाला धरलं आणि दोघं खोलीत गेले. सोमवारी खोली रिकामी झाली. दोन ट्रंका, एक पलंग, गॅसची शेगडी. सामान टेम्पोत चढेपर्यंत मी बाल्कनीत होते. संतोषनं वर पाहिलं नाही. मी हाक मारली नाही.

पुढच्या शनिवारी सातला ताटली ठेवली. माकडानं खाल्ली.

सुनीलला नोकरी लागली. क्वार्टर आमच्याकडं राहिलं. सहा वर्षांनी त्यानं ती नोकरी सोडली, कंपनीत गेला, आणि आम्ही गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. ते माकड शेवटपर्यंत कुणाला सापडलं नाही. आणि त्याची गोष्ट आमच्या घरात राहिली. सुनील ती पाहुण्यांना सांगतो. डायरेक्टरसाहेब, फ्रीज, टपावर बसून अंग खाजवणं — आणि शेवटी म्हणतो, पकडणाराच त्याला चोरून खायला घालत होता, आमच्या आईनं पकडून दिला. लोक पोट धरून हसतात. मी कधी थांबवलं नाही. मला विचारलं की मी बारीकसारीक भर घालते.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या मराठी लोकांचा कार्यक्रम होता. माझी नात इरा तिथं हीच गोष्ट सांगणार होती. तिचं मराठी यथातथाच, म्हणून आठ दिवस मी तिची तयारी करून घेतली. एका जागी ती अडली. म्हणाली, आजी, चीटरला मराठीत काय म्हणतात?

"लबाड," मी म्हणाले.

तिनं पाच-सहा वेळा घोकलं. कार्यक्रमात चांगलं सांगितलं, कुठं अडखळली नाही. लबाड हरिराम म्हणताना तिनं जरा थांबून माझ्याकडं पाहिलं, आणि सगळा हॉल हसला.

हरिराम लबाड नव्हता. हरभरे मी घातले. ती दोघं पुढं कुठं गेली, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, तेव्हा मीही वाजवल्या.